समस्त ग्रामस्थांची तपेली

बेबाअक्काने मला एकच शब्द सांगितला होता आणि मी तो बदलला. चोपड्याच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकणाऱ्या कारागिरापुढे मी उकिडवा बसलो होतो. समोर अक्काने काढलेल्या भांडी-मंडळाची नवी कोरी पितळी तपेली आणि पराती. अक्काने सांगितलेला शब्द होता 'बठ्ठासना', म्हणजे सगळ्यांची. आता बारावी पास झालेल्या, निबंधाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेल्या माणसाने पितळेवर असलं गावंढळ काही कोरून घ्यायचं? लग्नपत्रिकेच्या तळाशी कसं भारदस्त असतं, तसं मी सांगितलं, "लिहा, 'समस्त ग्रामस्थ'." कारागिराने ठिपक्या-ठिपक्यांनी ते असं ठोकलं की नातवंडांनी राख-चिंचेने घासलं तरी जायचं नाही.

गावात मोठ्या घरच्या सुपडू नानांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा!" त्या 'वा'चा अर्थ मला उन्हाळ्यात कळला.

बेबाअक्का मूळची फैजपूरकडची, लेवा पाटलांची. नवऱ्याने चोपडा तालुक्यात, आमच्या गावाला केळीची बागायत घेतली म्हणून ती इकडे आली. आम्ही 'माले' म्हणायचो, ती 'मले' म्हणायची. एवढ्या एका कान्यावरून बायकांनी तिला विहिरीवर वर्षभर चिडवलं. तिच्या पोरीचं बारसं निघालं तेव्हा मात्र गंमत संपली. गावात मोठी भांडी जातवार असत. ती मागायला गेली तर उत्तर मिळालं, "तुमना समाजना भांडा वापरा." गावात तिचा समाज म्हणजे ती, नवरा आणि दोन बैल. शेवटी घरातल्या पातेल्यांत तिने थोडं थोडं करून वरण शिजवलं. पंगतीत प्रत्येकाच्या वरणाचा रंग वेगळा होता.

दुसरी एखादी रडली असती. अक्काने मंडळ काढलं. ज्यांना भांडी मिळत नव्हती त्यांच्याकडे ती आधी गेली: नाल्यापलीकडच्या पाड्यावरचे पावरा आदिवासी, तडवींची घरं, न्हाव्याचं एकुलतं घर. अट एकच, प्रत्येकाने घरातलं जुनं पितळ मोडीला द्यायचं, ते व्यापाऱ्याला देऊन मोठी भांडी आणायची. पाड्यावरच्या दगडीबाईने माहेराहून आणलेली घागर दिली. म्हणाली, "पाझरस थोडी. पन पितळ खरं शे." मग गावातल्या मोठ्या घरांच्याही लक्षात आलं, की आपल्या समाजाच्या तपेल्यांना भोकं पडली आहेत. तेही आले. सुपडू नानांनी एक लोटा दिला आणि भांडी ठेवायला स्वतःचं कोठार. लोटा लहान, पण कुलूप त्यांचं.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दगडीबाईच्या लेकीचं, रेशमाचं लग्न ठरलं. ती बैलगाडी घेऊन भांडी न्यायला आली. नाना ओट्यावर बसलेले.

"लिखेल काय शे, वाच ना रे अभिमन," त्यांनी मला फर्मावलं.

मी वाचलं. दुसरं काय करणार, अक्षर माझ्याच तोंडचं होतं.

"समस्त ग्रामस्थ! पाडा कव्हय गावमा उना?" नाना म्हणाले. पाडा गावात कधी आला, म्हणजे पाड्यावरचे ग्रामस्थच नव्हेत. "त्या बकरू शिजाडतीन. गावना भांडा तठे जावाना नही."

दगडीबाईने ना हात जोडले ना भांडण काढलं. रिकामी गाडी घेऊन ती थेट अक्काच्या अंगणात आली. "बेबाबाई, मनी घागर माले दी टाक."

घागर कधीच व्यापाऱ्याच्या भट्टीत गेली होती.

"तुमना नाव लिखेल भांडामा आमनी दाळ शिजनार नही," दगडीबाई म्हणाली आणि वळली.

ती गेली असती तर पाडा गेला असता, पाठोपाठ तडवी गेले असते, आणि उरलं असतं ते पूर्वीचंच, नानांच्या समाजाचं, फक्त भोकं नसलेलं. अक्काने तिचा हात धरला. "लगनापर्यंत दम धर. भांडे घेऊन मी सोता येते." मग माझ्याकडे बघितलं. "एक शब्द सांगला व्हता तुले. तोबी जड झाला?"

"अक्का, कानस आणतो. घासून काढतो."

"कानशीनं पितळ घासशीन. नानाची जीभ कायनं घासशीन?"

लग्नाच्या सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन नानांपुढे गेली. एवढी नम्र, की मलाच भीती वाटली. "नाना, तुमचं खरं. भांडे ग्रामस्थायचेच. त्यायले एकटं पाड्यावर धाडणं बरं नाही. ग्रामस्थ संगे जातीन."

नानांनी आधी मान डोलवली, अर्थ मागून कळला. तोवर कुलूप उघडलं होतं. किल्ली नानांची असली तरी ती लटकायची त्यांच्या बायकोच्या, कुंदाबाईच्या कमरेला.

"कोठे चालनी वं?" नाना ओरडले.

"भांडासंगे," कुंदाबाई म्हणाली. "चूल शे, पीठ शे, हात शेतस. भाकर टाकी ल्या."

नाल्यापलीकडे दगडीबाई कमरेवर हात ठेवून उभी. गाडीमागून येणारी गावच्या बायकांची रांग बघून म्हणाली, "इतल्या जणी? आवतन कोनी दिधं?"

"आवतन भांड्यायले," अक्का म्हणाली. "आम्ही त्यायच्या संगे आलो."

दगडीबाई हसली नाही. तिने अक्काच्या हातात फक्त घोटणी दिली. पण तपेल्याच्या कड्यांतून बांबू घालून ते चुलीवरून कसं उतरवायचं, हे पाड्यावरच्या बायकांनी गावच्यांना दाखवलं तेव्हा कुंदाबाई बांबूसकट बसली, आणि मग हसू कोणालाच आवरेना. मटणाची हंडी पाड्याची होती, ती लांब दुसऱ्या चुलीवर. आमच्या तपेल्यांत उडदाची डाळ आणि भात. पंगतीला गावच्या बायका पत्रावळीकडे बघत राहिल्या. अक्काने भाषण केलं नाही. जेवली, डाळ पुन्हा मागून घेतली आणि म्हणाली, "मिरची कमी पडली." त्यावर दोन्हीकडच्या बायकांत मिरचीवरून असं जुंपलं, की कोण कोणाच्या हातचं जेवतंय हे बघायला कोणाला सवडच राहिली नाही.

उतरत्या उन्हात नाना आले, भाजलेल्या बोटाला तेल लावून. त्यांना मांडवात बसवलं, वाढलं. दोनदा डाळ घेतल्यावर त्यांनी विचारलं, "कोनी करी?"

"ग्रामस्थसनी," दगडीबाई म्हणाली. तेव्हा मात्र ती हसली.

त्यानंतर आमच्या गावात कुठलंही लग्न पाड्याशिवाय उठलं नाही. बांबू त्यांचा, भरीत अक्काचं, मांडे कुंदाबाईचे. पुढे बाहेरगावहून स्वयंपाकाची बोलावणी येऊ लागली: यावल, जामनेर, भडगाव. बायकांच्या गाठीला स्वतःची कमाई आली. पाड्यावर पिठाची गिरणी बसली, घरांवर कौलं चढली, आणि ज्या मुली लाकडाच्या मोळ्या आणायच्या, त्या चोपड्याच्या शाळेत जाऊ लागल्या. भडगावला एका यजमानीणबाईने ही सरमिसळ बघून खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही कोणत्या समाजाच्या?"

"तपेल्याच्या," अक्का म्हणाली आणि डाळ ढवळत राहिली. मी तेव्हा पाण्याचे ड्रम भरत होतो. उगाच माझीही छाती फुगली.

एक उधारी मात्र राहिली आहे. रेशमाच्या लग्नात आम्ही आगंतुक इतके झालो, की डाळ पुरेना. अक्काने दगडीबाईच्या शेजारच्या फत्तेसिंगकडून पायलीभर उडीद उसने घेतले, मंडळाच्या नावावर. ती दर हंगामात परत करायला जाते आणि तो घेत नाही. "आते नही," म्हणतो, "मना चैत्रामना लगीनले शिजाडीसन आना." त्याचा मुलगा चैत्राम धुळ्याला मास्तरकीचं शिकतोय, आणि नोकरी लागल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही म्हणतो. परवा बसस्टँडवर भेटला तेव्हा मी विषय काढला, तर तो घाईघाईने भलत्याच गाडीत चढला.

उडदाला कीड लागते, म्हणून अक्का दरवर्षी ती पायली बदलून ठेवते.