गोठ्यावरचा पहारा

मोहरी पेरलेल्या ओल्या मातीचा वास आला की मला बंगळूरच्या आमच्या कॉन्व्हेंटातला नाताळ आठवतो. बाळ येशूच्या गोठ्यामागे डोंगर करायला सिस्टरांनी मला सांगितलं. मला दिवाळीतला किल्ला येत होता, तोच केला आणि गोठ्याच्या दारात घरचे मातीचे मावळे उभे केले. मुली फिदीफिदी हसल्या. "अय्यो, बेथलेहेमात भालेवाले कशाला? काढ, नाहीतर दुसऱ्या मुलीला करायला सांगते," सिस्टर म्हणाल्या. मी म्हटलं, "राजा बाळाला मारायला टपलाय, तुम्हीच शिकवलंत. मग पहारा नको?" सिस्टर "सरी, बरं तर," म्हणत वाकल्या आणि एक मावळा त्यांनी बाळाच्या आणखी जवळ सरकवला. चौथीनंतर माझी ती शाळा सुटली. मावळे अजून दर नाताळात तिथल्या गोठ्यापाशी उभे असतात; परवाच बघून आले.