आठ पानं, एक हेल्पर आणि अण्णांचा हार

माझ्या कानांचा काही दोष नाही हो! झाशीच्या प्रेम नगरात आमची आणि शेजारच्या केतकीची गच्ची एकच. ती दिवसभर तिथे लॅपटॉप घेऊन बसणार, मी पापड वाळत घालणार. मग किस्से साठणारच की!

केतकी आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट बनवते. पहिलंच काम. तिच्या बाबांनी बजावलंय, "हे जमलं नाही तर गुपचूप पुण्याची नोकरी धर." पोरीला झाशी सोडायची नाही. आणि मला पोरीला!

•

मंडळाचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "तारखेखाली तिथी हवी." हिने आठही पानांच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे पान चालवणाऱ्या फाइलमध्ये, तोच कोड आठ वेळा लिहिला! पुढे एक चूक निघाली. दुरुस्ती आठ ठिकाणी करायची, झाली सात ठिकाणी. एका पानावर चतुर्थी, दुसऱ्यावर पंचमी.

अण्णा कडाडले, "गणपती दोनदा बसवू काय?"

•

मग तिने हेल्पर क्लास केला. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या मेथड, म्हणजे कोडचे तुकडे, एकाच फाइलमध्ये, सगळ्या पानांनी तिथूनच घ्यायच्या.

"आपल्या गल्लीचं पुरणयंत्र, काकू. यंत्र एक, घरं आठ."

"अगं बाई! मागच्या होळीला कुणीतरी त्याची जाळी बदलली, तर अख्ख्या गल्लीचं पुरण जाडंभरडं!"

ती हसली. मी नाही हसले.

•

झाशीत नावापुढे 'जी' लागतंच. ते 'जी' लावायची मेथडही हेल्परमध्ये गेली. सभासदांचं पान झक्कास! मग मंडळाच्या भांड्यांचं पान उघडलं: "मोठी कढई जी. झारा जी."

मानिक चौकातले हलवाई भैया कढई मागायला आले ते हात जोडूनच. "भाभीजी, कढ़ाई जी घर पर हैं क्या?"

•

आणि परवा सकाळी! श्रद्धांजलीच्या पानावर फोटोला हार आणि समई लावायची एक मेथड होती. केतकीने तीसुद्धा हेल्परमध्ये हलवली आणि गेली दळण आणायला.

मी सहज मोबाइलवर वेबसाइट उघडली. पहिल्याच पानावर अण्णा! गळ्यात हार! पुढे समई! अरे देवा, काल तर दतिया गेटला भाजीवाल्याशी भांडत होते!

तडक त्यांच्या घरी फोन लावला. कुणीतरी उचलला आणि मला रडूच फुटलं, "फार वाईट झालं हो! केव्हा नेणार?"

पलीकडे बशीतला चहा फुर्रकन ओढल्याचा आवाज आला.

"चहा संपला की निघतोच, वहिनी," अण्णा म्हणाले. "आणि त्या केतकीला सांगा, पुण्याबिण्याला जायचं नाही. आधी माझा हार उतरव म्हणावं!"