गच्चीवरचा हीटर आणि प्राजूची सोयरीक

गच्चीवर हीटर लावणारा मी कोल्हापुरातला पहिला माणूस नसेन. पण हीटर लावून होणाऱ्या व्याह्यांना रडवणारा नक्कीच पहिला आहे.

आमच्या प्राजूला पेठ वडगावचा मुलगा पसंत होता, मुलाला प्राजू पसंत होती. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या, अप्पासाहेबांच्या होकारावर. ते रविवारी संध्याकाळी जेवायला येणार होते. मी ठरवलं, पंगत गच्चीवर!

“अहो, हॉलात बसवा की! गारठ्यात वर कशाला?” बायको म्हणाली.

“गारठा घालवायचं यंत्र आणतो!” (मी एक व्हिडिओ पाहिला होता. म्हणजे तज्ज्ञच!)

दुकानदारानं भिंतीवरचा विजेचा हीटर दाखवला. “पावणं, घरला ह्यो बेस. वास न्हाय, जागा न्हाय.”

“दिसतबी न्हाय की! मोठा दाखवा.”

“मोठा गॅसचा हाय. पर त्यो हॉटेलवाले नेत्यात.”

“मग त्योच द्या!”

शनिवारी यंत्र गच्चीवर चढलं. माणसापेक्षा उंच, डोक्यावर पत्र्याची छत्री. नव्या वस्तूची आधी पूजा, मग बटण! आईनं हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. शेजाऱ्यांच्या गच्च्या बघ्यांनी भरल्या. माझी छाती फुगली, आणि लगेच दृष्ट लागायची भीतीही वाटली. मग मी स्वतः लिंबू-मिरची बांधली. कुणाला दिसू नये म्हणून छत्रीच्या आतल्या बाजूला (शिकलेला माणूस ना मी!).

रविवारी बायकोनं आठवणीनं हार काढला. लिंबू-मिरची तिला दिसलीच नाही.

“ह्यो काय नवा अवतार?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“बघा की आता!” मी बटण दाबलं. छान ऊब आली.

“व्हय, भारी हाय की!” ते म्हणाले. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

तेवढ्यात अप्पासाहेबांना शिंक आली. मग त्यांच्या मंडळींना ठसका लागला. मग सगळ्यांनाच! डोळ्यांतून धारा, नाकाला पदर.

“नवं हाय, पहिल्यांदा जरा वास येतोच!” मी खोकत खोकत समजावत होतो. ऐकायला गच्चीवर कोणी उरलंच नव्हतं.

जिन्यात आई मात्र खूश. “मिरच्या जळून एवढा ठसका? म्हंजी दृष्ट अजाबात लागली न्हवती!”

शेवटी पंगत हॉलातच बसली, मांडीला मांडी लावून. पांढरा रस्सा ओरपून अप्पासाहेबांनी लाल डोळे पुसले.

“पोरगी पसंत हाय. पर एक अट हाय.”

प्राजूच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली.

“रुखवतात ते यंत्र मांडायचं न्हाय!”

घर हसण्यानं दणाणलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. कारण रुखवतात ते कुठं उभं करायचं, हे मी दुकानातच ठरवून आलो होतो!