धाकट्याची निळी गाडी

आमच्या गल्लीत त्याला सगळे क्लच म्हणायचे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तो सव्वीस वर्षं शिकवत होता, आणि दिवसभर शेजारच्या सीटवरून "क्लच... अहो, क्लच दाबा" एवढंच ओरडत असे. खरं नाव कोणी वापरत नव्हतं. त्याची आईसुद्धा त्याला नुसतं "मोठा" म्हणायची, तेही काही काम असलं तर.

सव्वीस वर्षं हा माणूस गाडीत बसला, पण ड्रायव्हरच्या सीटवर नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून तो बसायचा. काटा चाळीसच्या वर गेलेला त्याला खपत नसे. सवय इतकी अंगवळणी पडली होती की रस्त्यानं चालताना कोणी आडवं आलं तर त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. आम्ही पन्नाशीतली माणसं मुद्दाम त्याच्या आडवे जायचो आणि पाय बघायचो.

माझं दुकान त्याच्या इमारतीच्या बरोबर समोर. मी गाड्या नटवतो. कंपनी एकच गाडी दोन प्रकारांत काढते, एक तुमच्या-आमच्यासाठी आणि एक ज्यांना उडायचं असतं त्यांच्यासाठी. दोन्हींत बाहेरून पाच-सहा गोष्टींचा फरक, आतून जमीन-अस्मानाचा. बाहेरचा फरक मी पुसून देतो. आतल्याचं मला विचारू नका. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

क्लचची आई, म्हणजे आमच्या काकू, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेल्या असायच्या. गुडघ्यांमुळे चार वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा राहिला होता, आणि "चल, तोही काढून घेऊ" म्हणून क्लच रोज विनवण्या करायचा. "मला नाही जमत ते जिने," एवढंच उत्तर. त्यांचं जेवणखाण, औषधं, कपडे सगळं तोच बघायचा. त्यात लग्नाचं वय कधी निघून गेलं हे त्यालाही कळलं नाही. पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, काकूंचा सगळा जीव धाकट्यात.

धाकटा दूरच्या शहरात बड्या हुद्द्यावर. आईला महिन्यातून एक फोन. गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तो आला, तो त्या उडणाऱ्या प्रकारातली गाडी घेऊन. गर्द निळी, टपावर काळा पट्टा, काळ्या काचा, मागे दोन नळकांडी. मीसुद्धा हातातलं काम टाकून बाहेर आलो. त्यानं दोन हॉर्न दिले, वर हात केला, आणि पाच मिनिटांत काकू खाली. एकट्या, कठड्याला धरून, दोन मजले. धाकट्यानं त्यांना शेजारी बसवून चौकापर्यंत फिरवून आणलं आणि पाऊण तासात तो गेलाही. क्लच औषधं घेऊन आला तेव्हा काकू पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. त्यानं त्यांना पाठीवर घेतलं आणि वर नेलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"माझी गाडी तशी करून दे."

"तुझी कुठली गाडी?"

स्कूलनं जुनी गाडी काढली होती, ती यानं घेतली होती. मॉडेल तेच, पण साधं, पांढरं, नऊ वर्षांचं. टपावर शिकाऊ गाडीच्या पाटीचे वळ.

"अरे, अर्ध्या गावानं हिच्यावर हात साफ केलाय," मी म्हणालो. "पी हळद आणि हो गोरी, असं होतं का कधी?"

"बाहेरून होईल ना?"

"बाहेरून होईल."

"मग कर. आणि आधी ते शेजारचे पेडल काढ. आईच्या पायात येतील."

तेव्हा मला कळलं की याला गाडी नकोच आहे. आईनं आपल्यासाठी एकदा ते दोन मजले उतरावेत आणि शेजारी बसावं, एवढं त्याला हवं होतं. मला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून मी जीभ आवरली असं नाही.

तीन महिने काम चाललं. गल्लीतल्या पोरांनी त्या दिवशी काढलेले धाकट्याच्या गाडीचे अठरा फोटो त्यानं जमवले होते. मी कुठलाही निळा मारला असता, पण यानं चार छटा परत पाठवल्या. मागे पंख बसवला, तो त्या गरीब गाडीवर नाकापेक्षा मोती जड असा दिसायला लागला. दोन नळकांड्यांपैकी एकातून धूर येई, दुसरं नुसतं शोभेचं, बडा घर पोकळ वासा. चाकांच्या आत साध्या ब्रेकवर लाल टोपणं चढवली. धाकट्याच्या मागच्या काचेवर कोपऱ्यात कुठल्याशा क्लबचा गोल स्टिकर होता, तोही यानं छापून आणला.

"क्लबात घेतलं का रे तुला?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

तो हसला. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय क्लचराव, किती पळते?" आणि हा प्रामाणिकपणे सांगायचा, "चाळीसवर मस्त चालते." तो चिडत नसे, म्हणून आम्ही जास्तच पिडायचो. चिडला असता तर चार दिवसांत कंटाळलो असतो.

गाडी तयार झाली तो रविवार होता. मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे चारच्या आधीच दुकानासमोर सात-आठ जण जमले. क्लच इस्त्रीचा शर्ट घालून आला. मागच्या गल्लीतून वळसा घालून इमारतीसमोर गाडी लावली, दोन हॉर्न दिले, काच खाली करून वर हात केला.

खिडकीत काकू उठून उभ्या राहिल्या. मग खिडकी रिकामी झाली. जिन्यात पावलांचा आवाज आला, मधे थांबला, परत आला. क्लचनं उतरून शेजारचं दार उघडून धरलं. इतका सरळ उभा राहिलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

काकू धापा टाकत बाहेर आल्या. चेहरा असा फुललेला की वय दिसेना. त्यांनी क्लचकडे बघितलं, मग त्याला हातानं बाजूला करून गाडीत वाकून बघितलं.

"कुठाय तो?"

"कोण?"

"धाकटा."

"आई, मी आणलीय. माझी गाडी आहे ही. बस ना, चौकापर्यंत जाऊन येऊ."

काकूंनी मागे जाऊन काचेवरचा स्टिकर डोळा जवळ नेऊन बघितला. "भावाची गाडी आणून मिरवतोस? त्याला विचारलंस तरी का?"

"अगं, खरंच माझी आहे. याला विचार. यानंच केलीय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. काकूंनी बघितलं. सात-आठ जण बघत होते. एक "हो" म्हणायचं होतं मला.

"मला काय ठाऊक काकू," मी म्हणालो, "गाडी तर धाकट्याचीच दिसतेय."

हशा असा पिकला की एकाला ठसका लागला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. क्लच हसला नाही. त्यानं दार हळूच लावलं.

"तुझी आणि असली गाडी?" काकू म्हणाल्या. "एवढे जिने उगाच उतरवलेस मला. चल, ने वर."

त्यानं पाठ वाकवली. जिन्यातून त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. त्याच्या गाडीला ओरखडा आला तर बघ, आजच्या आज नेऊन दे त्याची त्याला.

आठ दिवसांनी क्लच दुकानात येऊन स्टुलावर बसला. गाडी आता तो मागच्या गल्लीत झाकून ठेवत होता.

"काल बॅटरी उतरू नये म्हणून एक चक्कर मारली," तो म्हणाला. "काचा वर होत्या. आईला वाटलं, धाकटा आला. खिडकीतून हात करत होती. मला थांबवेना."

"मग वर जाऊन सांगितलंस?"

"नाही. काल पोटभर जेवली ती."

असे ते रविवार सुरू झाले. चार वाजले की निळी गाडी चौकाकडून यायची, खिडकीखाली दोन हॉर्न, काळ्या काचेतून एक हात बाहेर, आणि गाडी पुढे. काकू तीनपासून केस विंचरून बसायच्या. औषधं वेळेवर घेऊ लागल्या, रंग सुधारला. मी विचारलं, "आता दुसऱ्या डोळ्याचं उरकून घे की."

"ती तयार आहे. म्हणते, त्याचा चेहरा नीट दिसेल." तो म्हणाला. "आता मीच टाळतोय."

काकू त्याला काय ऐकवायच्या ते खाली माझ्यापर्यंत यायचं. तो एवढ्या लांबून दर रविवारी येतो, आणि तू? नेमका चार वाजता कुठे उलथतोस? भाऊ आला की घरात पाय ठरत नाही तुझा. जळतोस त्याच्यावर, दुसरं काय.

एकदा त्यांच्या खिडकीची कडी बसवायला मी वर गेलो होतो, तेव्हा धाकट्याचा फोन आला. क्लचनं स्पीकर लावून फोन आईच्या तोंडाशी धरला.

"दर रविवारी येतोस रे बाळा, पण वर काही येत नाहीस," काकू म्हणाल्या.

क्लचनं माझ्याकडे बघितलं. मग धाकटा म्हणाला, "वेळ नसतो ना आई. तरी येतोच की नाही?"

"तेच सांगते मी याला."

नंतर क्लच फोन घेऊन दाराबाहेर आला, मीही मागोमाग आलो. धाकटा त्याला म्हणाला, आणि स्पीकर तसाच चालू होता, "दादा, आईचं डोकं जरा फिरलंय का? असू दे. खूश आहे ना? मग झालं तर."

मला धाकट्याचा असा संताप आला की पेचकस भिंतीत खुपसावासा वाटला. क्लचचाही आला. आत जाऊन काकूंना सगळं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? गाडी धाकट्याचीच दिसतेय म्हणणारा मीच. कडी बसवली आणि खाली आलो.

थंडी संपता संपता काकू न्हाणीघरात घसरल्या. मणका दुखावला. डॉक्टर म्हणाले, बसायचं नाही, आडवं राहायचं, आणि उठवायचंच झालं तर दोन्ही बगलांत हात घालून कोणीतरी उभं करायचं. शनिवारी क्लच किल्ली घेऊन माझ्याकडे आला.

"उद्या तू चालव."

"का?"

"ती म्हणते, उद्या चारला मला खिडकीशी उभी कर. म्हणते, माझ्यासाठी कधी थांबला नाहीस, उद्या भावासाठी तरी थांब."

"सांगून टाक आता. मी येतो बरोबर. मीच सांगतो."

"काय सांगशील? की तो एकदाही आला नाही?"

आम्ही मागच्या गल्लीत गेलो. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो, तो त्याच्या सव्वीस वर्षांच्या जागी, आणि त्यानं मला शिकाऊ माणसासारखं शिकवलं. चौकाकडून यायचं, दुसऱ्या गिअरमध्ये. खिडकीखाली हळू, पण थांबायचं नाही. दोन हॉर्न, लांबवायचे नाहीत. हात कोपरापर्यंत बाहेर, तीनदा हलवायचा. पेडल काढलेल्या जागी रबराची बुचं होती, त्यांवर त्याचा पाय दाबला जात होता. "क्लच," तो म्हणाला. "क्लच पूर्ण दाब. खडखड झाली तर तिला शंका येईल."

रविवारी चार वाजता मी चौकातून वळलो. शेजारची सीट रिकामी होती. काळ्या काचेतून वर बघितलं तर काकू खिडकीत उभ्या, केस विंचरलेले, आणि त्यांच्या खांद्यामागे क्लचचं तोंड. त्याचे दोन्ही हात त्यांच्या बगलांतून पुढे आले होते. मी दोन हॉर्न दिले. काच खाली करून हात बाहेर काढला. काकू दोन्ही हात हलवायला लागल्या, लहान मुलीसारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"सावकाश जा रे बाळा," त्या ओरडल्या. मग मान मागे वळवून म्हणाल्या, आणि तेही मला खाली स्वच्छ ऐकू आलं, "अरे, तू पण हात कर की. भाऊ आहे तुझा."

क्लचनं एक हात सोडवला. काकू कलल्या, त्यानं त्यांना गुडघ्यानं टेकू दिला, आणि स्वतःच्या गाडीला हात केला. तीनदा.

मी वळसा घालून गाडी मागच्या गल्लीत नेली आणि झाकली. किल्ली दाराबाहेर चपलांखाली ठेवायची असं ठरलं होतं. मी दोन मजले चढून गेलो. वाकलो तेव्हा आतून काकूंचा आवाज आला.

"बघितलंस? याला म्हणतात मुलगा."

"हो," क्लच म्हणाला. "चल, आडवी हो आता."