पुसून पाहिलेली सही

…हां, तर काल आपण फडक्यापाशी थांबलो होतो. ती बाई ओलं फडकं मुठीत धरून लिलावघराच्या मागच्या खोलीत शिरली आणि माझा साडू खुर्चीतून उठला, तो काही केल्या परत बसेना. पण काल तुमच्यातले निम्मे नव्हते, तेव्हा जरा मागून घेतो.

साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचा नवरा. सगळे त्याला ‘भिंग’ म्हणतात. लिलावघरात गाण्याबजावण्याच्या जुन्या वस्तू विकायला येतात. रेकॉर्डी, पोस्टरं, गवयांचे फोटो, एखादी मोडकी गिटारसुद्धा. त्यांवरची सही हातची की छापील, हे सांगणं याचं काम. छापील सही भिंगाखाली धरली की रेघ म्हणून राहत नाही, नुसते ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. हातच्या सहीत शाई कुठे दाट, कुठे विरळ, आणि पेन जिथे थबकलं तिथे हमखास थेंब. मेव्हणी म्हणायची, “भाजीची पावतीसुद्धा उजेडाला धरतो हो हा माणूस!” मी एकदा म्हटलं, “लेका, आमच्या गुरुजींनी माझं अक्षर या भिंगातून पाहिलं असतं तर शाळेतून हाकललंच असतं मला.” तर म्हणतो कसा, “साडूभाऊ, तुमचं अक्षर भिंगाशिवायही तेवढंच भयाण आहे.” असा गडी!

आता एका नावाजलेल्या गायिकेची एक रेकॉर्ड होती. कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात तिची सही छापलेली, प्रत्येक कव्हरवर तीच आणि तिथेच. लोकांना वाटायचं, आपल्यालाच घबाड लागलं. नाचत यायचे, तोंड पाडून जायचे. साडू पार विटला होता त्या रेकॉर्डीला.

तीच रेकॉर्ड घेऊन ही बाई पहिल्यांदा आली. म्हणाली, “माझ्या बाबांनी हिच्यात व्हायोलिन वाजवलंय. बाईंनी स्टुडिओतच सही करून दिली होती. कव्हरवर बाबांचं नाव कुठेच नाही हो. तुमच्या लिलावाच्या पुस्तिकेत ‘व्हायोलिनवादक अमुक यांच्याकडील’ एवढं जरी छापून आलं… डॉक्टरांनी आता आशा सोडलीय.”

साडूनं लांबूनच कव्हर ओळखलं. “छापील आहे, ताई. घरोघरी हीच आहे.”

“एकदा भिंगातून बघा तरी.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला?”

झालं. बाई घरी गेली. म्हातारा अंथरुणाला खिळलेला, कान मात्र दाराकडे. तिनं काय झालं ते सांगितलं, आणि जावईबापू हसले. “काय हो सासरेबुवा, जन्मभर छापील थाप मारलीत की!”

म्हातारा पेटला. “छापील असेल तर पाण्यानं जाणार नाही. आण ओलं फडकं.” बाई जागची हलेना, तेव्हा त्यानं उशापासचा पाण्याचा पेला हाताशी असलेल्या फडक्यावर स्वतःच ओतला आणि कोपरा घासला. कव्हर गुळगुळीत. शाई निघून आली. “बघ!” म्हणाला, “बघा, जावईबापू!” आणि मग आपण काय केलं ते त्याला कळलं. त्यानं जे तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. अन्नपाणी बंद.

म्हणून बाई ते फडकं आणि कव्हर घेऊन आली होती. “काका, छापलेली शाई फडक्याला लागते का हो?”

साडूनं आता भिंग काढलं. कोपरा कोरा, ठिपक्याचं नाव नाही. सही छापण्याआधीची नमुन्याची थोडी कव्हरं वादकांना वाटली गेली असणार, त्यांतलंच हे. त्या कोऱ्या जागेवर गायिकाबाईंनी हातानं सही केली होती. खरी, शंभर टक्के खरी. चोर सोडून संन्याशाला सुळावर दिला होता माझ्या साडूनं.

तो तसाच लिलावघराच्या मालकीणबाईंकडे धावला. त्यांनी कव्हर उलटसुलट केलं. “सही कुठाय?”

“होती.”

“होतीचा लिलाव होत नाही. आणि वादकाचं नाव कशाच्या आधारावर छापू? फडक्याच्या?”

तिथून तो थेट माझ्या दारात. चेहरा चुन्यासारखा. “साडूभाऊ, चला माझ्याबरोबर. एकट्यानं त्या म्हाताऱ्यांच्या घरचा जिना चढवणार नाही मला.”

गेलो. खाली चपला दुरुस्तीचं दुकान, त्याची ठकठक वर खोलीत ऐकू येत होती. म्हाताऱ्याच्या छातीवर ते कव्हर, आणि डाव्या हाताची बोटं पांघरुणावर तारा दाबल्यासारखी हलत होती. मी म्हटलं, “खालच्याचा ठेका चुकतोय, नाही का?” कुणी हसलं नाही.

साडू म्हणाला, “बाबा, चूक माझी आहे. मी बघितलंच नाही.”

म्हाताऱ्यानं हळूहळू तोंड इकडे वळवलं. “ती सही तुम्ही रोज बघता?”

“रोज.”

“डोळे मिटून काढाल?”

साडूनं मान डोलावली.

“मग काढा की. जिथे होती तिथेच काढायची. खरीच होती ना? मग खोटं काय त्यात?” मुलीकडे बघून म्हणाला, “पेन दे त्यांना.”

बाईनं खरंच पेन आणून दिलं. “काढा ना, काका. त्यांचं नाव छापून येईल. कुणाला कळणार आहे?”

साडूनं टोपण काढलं. कव्हर मांडीवर घेतलं. पेनाचं टोक त्या कोऱ्या कोपऱ्यावर टेकतंय न टेकतंय असं कितीतरी वेळ धरलं. खरं सांगतो, मीसुद्धा मनात म्हणत होतो, काढ बाबा, काढून टाक एकदाची! मग त्यानं टोपण लावलं, पेन उशाशी ठेवलं, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला,

“काढीन हो बाबा, हुबेहूब काढीन. पण उद्या ती तपासायला माझ्याच टेबलावर येईल, आणि या खेपेला मी भिंग लावीन.”