चार सूत ढिल्लं

आमच्या गावात ती खोली सुरू झाली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवरीच्या मेकपची चौकशी करायला. दारावरच्या पाटीवर 'मेकरस्पेस' असं लिहिलेलं. त्या बाईंनी ते घाईत वाचलं असावं. त्यांनी दारातूनच विचारलं, "नवरीचं काय घेता? आन् करवलीचं त्यातच धरता का?" आत वेल्डिंगचा काळा मुखवटा चढवून उभा असलेला माणूस वळला आणि बाई आल्या पावली परत गेल्या. तेव्हापासून गावात तिला मेकपची खोलीच म्हणतात. पाटी दोनदा बदलली, नाव काही बदललं नाही.

ती खोली म्हणजे पूर्वीचं खताचं गोदाम. शहरातल्या काही मंडळींनी तिथं यंत्रं आणून ठेवली होती, गावानं आपल्याला लागेल ते आपल्या हातानं बनवावं म्हणून. यंत्रं शिकवायला एक तरुण इंजिनिअर होता, त्याला सगळे सर म्हणत. लोखंडाचं काम वेल्डरभावजींकडं. ढोकीला कारखान्याच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या जोडण्यात त्यांची निम्मी हयात गेली, त्यामुळं ते कुठलीही वस्तू बनवायला घेतली तरी तिच्यात दोन टन ऊस भरायचाय अशा हिशेबानं बनवायचे. त्यांनी केलेला पाट दोघांना उचलावा लागतो.

मी शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. माझ्या मशीनची एक कडी तुटली आणि तो भाग कुठं मिळेना, म्हणून मी त्या खोलीत गेले. सरांनी कॉम्प्युटरवर कडीचं चित्र काढलं आणि सोऱ्यातून शेव पडावी तशी बारीक प्लास्टिकची तार गोल गोल फिरून माझ्यासमोर कडी तयार झाली. मी त्याच आठवड्यात मशीन उचलून तिथं नेलं. उजेड चांगला, पंखा फुकट, आणि भांडायला वेल्डरभावजी. मला भांडण लागतं. घरात सगळे गरीब स्वभावाचे आहेत, तिथं माझी फार उपासमार होते.

मग तो पावसाळा आला. हमरस्त्यावरून नळदुर्गच्या अलीकडं आत वळलं की ओढा लागतो, आणि ओढ्यापलीकडं आमचं गाव. आता तिथं पक्का पूल झालाय, पण तेव्हा सिमेंटच्या नळ्यांवर माती टाकून केलेला होता. एका रात्रीत तो नळ्यांसकट वाहून गेला. गाव तसं सुखरूप राहिलं, पण बेट झालं. बाहेरून मदत आली, त्यात बिस्किटंच बिस्किटं. देणाऱ्याचं मन मोठं असतं, त्याला नावं ठेवू नयेत. पण कुणाची चूल पाण्यात गेलीय आणि कुणाची ताडपत्री फाटलीय, हे बिस्किटं पाठवणाऱ्याला कळणार कसं? ते आम्हाला माहीत होतं. भावजींनी चुलीखाली ठेवायला उंच तिवया केल्या, सरांनी सौर दिव्यांचे मोडके भाग बनवले, मी ताडपत्र्या शिवल्या. खोली दिवसभर गजबजलेली असायची. खरं सांगते, त्या दिवसांत मला फार मजा आली.

मजा थांबली ती अक्कांमुळं.

अक्का माझ्या शेजारच्या. किराणा दुकानाच्या मालकीणबाई, देहानं भरभक्कम, जीभ त्याहून भक्कम. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं रागावल्या की कानडीत शिरायच्या. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना सोलापूरला डायलिसिसला जावं लागे. त्या म्हणायच्या, "रगत धुवून आणते." जणू चादर धुवायला टाकायची आहे.

पूल गेल्यावर जीप ओढ्यापलीकडंच थांबायची. मधे गुडघाभर पाणी आणि दोन्ही अंगाला चिखलाचा उतार. अक्कांना घरात दहा पावलं चालवत नव्हती. पहिल्या खेपेला लेकानं त्यांना पाठकुळी घेतलं आणि उतारावरच दोघं घसरून बसले. अक्का चिखलात बसल्या बसल्या म्हणाल्या, "आता म्या गोणीवानी जायची न्हाय." त्या दिवशीची डायलिसिसची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, तोंड सुजलं. डॉक्टरांनी लेकाला फोनवर स्पष्ट सांगितलं, आणखी एक पाळी चुकवू नका. लेक खोलीत आला आणि दाराशी उभा राहिला. अक्कांना पलीकडं न्यायला काहीतरी बनवायला हवं, हे आम्हाला समजलं.

सरांनी लगेच स्ट्रेचरचं चित्र शोधून काढलं. दोन लांब पाईप, मधे ताडपत्री, पाईप एकमेकांपासून लांब राहावेत म्हणून दोन आडव्या पट्ट्या. ताडपत्रीच्या दोन्ही कडांना मी नेफा शिवायचा, परकराला नाडीसाठी असतो तसा, आणि त्यातून पाईप सरकवायचे. भावजी पाईप कापता कापता म्हणाले, "वैनी, नेफा चार सूत ढिल्ला ठेवा बरं का."

मी ठेवला. जाड ताडपत्री, बोटं सोलून निघाली, पण शिलाई अशी घातली की बघत राहावं. पाईप काही आत जाईना. भावजींनी पायानं ढकलून पाहिलं, तेल लावून पाहिलं.

"चार सूत म्हणलं व्हतं ना म्या?"

"चारच ठेवलीत की! मोजून घ्या!"

लोखंडवाल्यांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझं सूत म्हणजे धागा. मी इमानदारीत चार धाग्यांइतकी जागा सोडली होती. हे उलगडल्यावर सर जमिनीवर बसून हसले. मी हसले नाही. सगळी शिलाई मलाच उसवावी लागणार होती.

स्ट्रेचर झालं. आता आधी कुणीतरी त्यावर झोपून दाखवायचं, म्हणजे वजन पेलतं का कळेल. आणि कुणीच तयार होईना. भावजी मागं सरकून म्हणाले, "आडवं पडून चौघांच्या खांद्यावर एकदाच जायाचं असतंय. म्या आत्ताच न्हाय जात." शेवटी सर स्वतः झोपले. चार जणांनी उचलून त्यांना वेशीपर्यंत नेलं. वाटेत एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एका बाईनं ओट्यावरूनच हात जोडले, आणि सरांनी झोपल्या झोपल्या तिला नमस्कार केला तशी ती किंचाळून घरात पळाली.

असं झाल्यावर ते अक्कांच्या दारात न्यायचं म्हणजे शिव्याच खायच्या. तरी सर गेले, सोबत मी. तरुण माणूस, त्याला वाटलं समजावून सांगता येईल. ते म्हणाले, "आजी, घाबरू नका. हा नुसता बेड आहे."

"बेडा!" अक्का म्हणाल्या. कानडीत बेडा म्हणजे नको.

"हो, बेडच आहे आजी."

"आरं बेडा म्हणतीया मी, बेडा!"

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "मग प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम होता आडवं जाण्याचा. मग बसवूनच नेऊ, असं आम्ही ठरवलं. भावजींनी दुपारपर्यंत खुर्ची केली. पाठ, हात, पाय ठेवायला फळी, आणि खांद्यावर घ्यायला दोन्ही अंगांना पाईप. मी तीच ताडपत्री कापून बैठक शिवली. सुबक झाली होती, वरून मी लाल काठ लावला. आम्ही तिघं ती मिरवत अक्कांच्या ओसरीवर घेऊन गेलो आणि भावजी ऐटीत म्हणाले, "बसा अक्का. राणीवानी नेतो तुमाला."

अक्कांनी खुर्चीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. चिडल्या नाहीत, कानडीतही शिरल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "तुला तर ठावं हाय ग. आमच्यात कसं नेत्यात."

अक्का लिंगायत. त्यांच्याकडं गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, फुलांनी सजवलेल्या, पालखीसारख्या विमानात. अक्कांच्या मालकांना याच ओसरीवरून तसं नेलं होतं आणि मी तिथं उभी होते, अक्कांचा हात धरून. आणि आता मीच लाल काठ लावून खुर्ची घेऊन आले होते.

"मला मरायचं भ्या न्हाय," अक्का म्हणाल्या. "जायाचंच हाय कवातरी. पर जिती असून मेल्यावानी जायाचं मला जमत न्हाय. माझ्या लेकानं खांदा देताना खालनं वर बघितलं तर त्याला काय वाटंल?"

आम्ही खुर्ची उचलून परत आलो. आडवं चालत नाही, बसून चालत नाही, चालत जाता येत नाही, आणि सकाळी जीप येणार होती. मला अक्कांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग अक्का गेल्या तर भिंतीपलीकडून मला कोण हाका मारणार, या विचारानं डोळे भरून आले. मी नाक पुसलं आणि भावजींवर ओरडले, कारण ते जवळ होते.

सर म्हणाले, "ताई, निदान ज्यांना नाही म्हणण्याची शुद्ध नसेल, त्यांच्यासाठी झोपायचं स्ट्रेचर परत करून ठेवू." नवी ताडपत्री होती ती चांगली रुंद होती. तिला मापात कापायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलेलं. मी कापलीच नाही, आहे तशी दोन्ही कडांना नेफा मारून मोकळी झाले.

"किती ढिल्लं ठिवलं?" भावजींनी विचारलं.

"हातभर! आता तरी जाईल ना तुमचा पाईप?"

पाईप सुळकन गेले. पट्ट्या लावल्या. आणि दोन लाकडी घोड्यांवर ठेवल्यावर ताडपत्री मधे खाली लोंबली, पार पोटासारखी. भावजी कपाळाला हात लावून म्हणाले, "हे काय केलं वैनी? हे स्ट्रेचर न्हाय, झोळी झाली ही!"

झोळी! माझी दोन्ही लेकरं लुगड्याच्या झोळीत वाढली. मी चप्पल काढली आणि त्यात चढून बसले. पाठ टेकली, गुडघे वर आले, दोन्ही बाजूंनी ताडपत्रीनं कुशीत घेतलं. धड बसलेली नाही, धड झोपलेली नाही. सर म्हणाले, "ताई, जरा उतरा, माप घेऊ." मी म्हणाले, "हलवा आधी." भावजींनी हलवलं. मला उतरावंसं वाटेना.

सकाळी आम्ही ती अक्कांकडं नेली. अक्कांचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा सुजलेला होता. त्यांनी विचारलं, "आता हे काय आणलंय?"

"पाळणा," मी म्हणाले.

त्यांनी हात लावून पाहिला. ताडपत्री दाबली. लेक दाराची चौकट धरून उभा होता. मग अक्कांच्या गालावर ते जुनं, दुकानात गिऱ्हाइकाला हटकताना यायचं ते हसू आलं.

"पाळण्यात घालताय तर बारसं कोण करणार? आन् पाळणा हालवाया बाई पायजे. नुसत्या बाप्यांनी उचलला तर म्या बसायची न्हाय."

बरोबर होतं त्यांचं. मयताला आमच्याकडं बायका खांदा देत नाहीत. बाईचा खांदा लागला की लांबून बघणाऱ्यालाही कळलं असतं, की हे काही तसलं नाही. मी पदर खोचला. आम्ही अक्कांना आत बसवलं आणि मी वाकून त्यांच्या कानात कुर्रर केलं, बारशाला आत्या करते तसं. त्यांच्या सुनेनं लगेच रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. जरा जास्तच जोरात घातले, पण मी ते चालवून घेतलं.

पुढं लेक आणि भावजी, मागं मी आणि सर. भावजींचे पाईप ट्रॉलीच्या हिशेबाचे, अक्का अक्कांच्या हिशेबाच्या, माझा खांदा मोडून आला. उतारावर पाय सरकत होते. लोक बघायला जमले, पण कुणी टोपी काढली नाही. पोरं टाळ्या पिटत होती. पाण्यात शिरल्यावर अक्कांचा हात ताडपत्रीवरून चाचपत आला आणि त्यांनी माझा पदर धरला.

"पाळणा म्हण ग," त्या म्हणाल्या.

मला गाता येत नाही. माझ्या गाण्यानं माझी लेकरं झोपायची नाहीत, उठायची. तरी मी म्हटला. भावजींनी पुढून भसाड्या आवाजात सूर ओढला, सरांना शब्द येत नव्हते म्हणून ते नुसते हूं हूं करत होते. अशा थाटात आम्ही ओढा ओलांडला आणि अक्का जीपमधे बसून सोलापूरला गेल्या.

दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. भावजींनी ते पाहिलं आणि भांडण न काढता चक्क माझ्यासाठी चहा मागवला.

दिवस कलायला लागला तेव्हा ओढ्याच्या बाजूनं हाक ऐकू आली. ओढ्याच्या आवाजावरून, शेतावरून, थेट आमच्या खोलीपर्यंत येईल अशी. असा आवाज आमच्या पंचक्रोशीत एकच. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठी असलेली ती बाई पलीकडच्या काठावर जीपमधे बसून मला बोलावत होती.

"अगं ए आत्याऽ! पाळणा आण की! पोर खोळंबलंय हितं!"