मला मॅडमचा हेवा वाटला

गेल्या आठवड्यात मंगळवारी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात बाकावर बसलो होतो. समोरच्या बंद दाराआडून हसण्याचा आवाज आला... माझ्या बायकोचा. आठ महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खरं सांगतो, जळलो मी.

वंदनाला विचारूनच हे लिहितोय. गेल्या पावसाळ्यात एकोडीला आमच्या शेतात धानाची रोवणी चालू असताना वीज पडली. शेजारची शालू, वंदनाची मैत्रीण, तिच्यापासून चार हातांवर वाकून रोप लावत होती. शालू जागीच गेली... वंदनाच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. पण त्या दिवशी घरी आलेली वंदना वेगळीच होती. कुकरची शिट्टी झाली की भिंत धरायची. कोणाच्या मोबाईलचा फ्लॅश चमकला की कानांवर हात ठेवायची. आभाळ भरून आलं की अंगणातसुद्धा पाऊल टाकायची नाही.

दिवाळीनंतर आरोग्याचं काम बघणाऱ्या गावच्या आशाताईंनी सुचवलं की एकदा भंडाऱ्याला दाखवून बघा. भरती व्हायचं नाही... आठवड्यातून एकदा जायचं, तिथल्या समुपदेशन करणाऱ्या मॅडमशी पाऊण तास बोलायचं, घरी परत यायचं. मी शाळेत क्लार्क आहे. दर मंगळवारी रजा टाकून तिला एसटीने न्यायला लागलो.

मॅडम म्हणजे अठ्ठावीस-एक वर्षांची मुलगी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, काका, तुम्ही जरा बाहेर बसा. 'काका' चाललं एकवेळ... 'बाहेर' लागलं.

पंधरा वर्षांचा आमचा संसार. दारात चप्पल कशी काढली त्यावरून मला तिचा मूड कळतो. आणि आता तिच्या मनातलं सगळं त्या मुलीला माहीत, मला काहीच नाही. परतताना विचारायचो, काय बोललीस आज? ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणायची, "असंच."

एकदा तर मी हद्दच केली. दार लागता लागता मॅडमचा एक प्रश्न कानावर पडला होता. घरी चहा पिताना अगदी तसाच मऊ आवाज काढून मी तो विचारला... मग तेव्हा तुला काय वाटलं? वंदना माझ्याकडे बघत राहिली आणि उठून भांडी घासायला गेली.

म्हणून मंगळवारचं ते हसणं मला झोंबलं. बसमध्ये मी सरळ खोटं बोललो. म्हटलं, पुढच्या आठवड्यापासून रजा मिळणार नाही, तशीही तू बरीच सुधारली आहेस, आता बंद करू.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी एकटी जाईन."

जी बाई ढग बघून अंगणात येत नाही, ती दोन बस बदलून एकटी भंडाऱ्याला जायला तयार... त्या मुलीसाठी. मग माझ्याने राहवलं नाही. रजेचं खोटं होतं हे सांगून टाकलं. म्हटलं, तू तिच्यापाशी हसतेस, माझ्याशी धड बोलतही नाहीस.

हसण्याचं कारण तिने लगेच सांगितलं. मी मॅडमच्या आवाजात प्रश्न विचारला होता, ते तिने त्यांना करून दाखवलं होतं. मलाही जरा हसू आलं... पण वंदनाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाकी टायमाले मी तिथं तुमच्यावरचा राग काढतो," ती म्हणाली. "त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, आज राहू द्या. तुम्ही म्हटलं, दोनच बांध्या राहिल्या, उरकून टाका. शालू घरी जायले निघाली होती... मी थांबली म्हणून तीही थांबली."

बांधी म्हणजे आमच्याकडे शेताचा एक तुकडा. दोन तुकडे राहिले होते, बस. उद्या बाया मिळणार नाहीत, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

मी विचारलं, मग मला का नाही बोललीस इतके दिवस? ती म्हणाली, "कशी बोलू? तोंड उघडलं की तुम्ही म्हणता, जाऊ दे, आठवू नको. मॅडम तसं नाही म्हणत."

तेव्हाही तेच शब्द माझ्या ओठांवर आले होते... जाऊ दे. मी ते गिळले. म्हटलं, "हो. मीच म्हटलं होतं, उरकून टाका."

आठ महिन्यांत हे वाक्य मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. ती रडली, मीही रडलो. मग तिने पहिल्यांदा मला तो दिवस सांगितला, सकाळपासून... शालूने डब्यात काय आणलं होतं तिथपासून. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. फार कठीण असतं हो ते. पाऊण तास हे काम करणाऱ्या माणसाला काय लागत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

काल पुन्हा मंगळवार होता. आम्ही गेलो. मॅडमनी मला बाहेर बसा म्हणायच्या आधीच मी बसलो. हेवा अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू... पण आता त्यात लाजही आहे.

वंदनाचा तो राग माझ्या नावाचा होता. मी ऐकायच्या लायकीचा होईपर्यंत एका परक्या मुलीने तो सांभाळून ठेवला... तिचे उपकार मी विसरणार नाही.